भागुअक्कांच्या मटकीची ऊब

निपाणीहून नवऱ्यामागं बेंगळुरात आलेल्या भागुबाईचा संसार नीट लागलाही नव्हता, तोच तिचा नवरा देवाप्पा तापानं गेला. यशवंतपूरच्या मालधक्क्यावर तो हमाली करायचा. तो गेला तेव्हा भागुबाईचा तळवा त्याच्या कपाळावरच होता. हाताखालची ऊब हळूहळू ओसरली आणि कपाळ गार पडलं. ती ऊब गेली कुठं, हे तिनं भटजींना विचारलं, डॉक्टरला विचारलं. कुणाला सांगता आलं नाही.

ती गावी परतली नाही. राहत्या खोलीतच तिनं खानावळ घातली. कारखान्यांतली, प्रयोगशाळांतली मराठी पोरं जेवायला येऊ लागली. त्यांच्यातच रत्नाकर होता. पेशींना शक्ती कुठून मिळते, याचा तो अभ्यास करायचा.

एकोणीसशे एकसष्टच्या थंडीत एका सकाळी तिनं मटकीचं फडकं सोडलं आणि रत्नाकरला म्हणाली, "बघा हो अण्णा, चूल पेटायच्या आधीच ही कशी कोमट लागते?"

रत्नाकरनं दाण्यांत बोट घातलं आणि तो हसलाच. त्यानं दोन थर्मास मागवले. एकात मोड आलेली मटकी, दुसऱ्यात उकडून गार केलेली. तोंडाला कापूस, आत थर्मामीटर. दुसऱ्या दिवशी उकडलेली गारच होती. मोडाची चांगलीच तापली होती.

"आत जाळ आहे?" भागुबाईनं विचारलं.

"ज्वाळा नाही, अक्का. दाण्यातली साखर हवेतल्या प्राणवायूशी मिळते, पण एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. निघालेल्या शक्तीतली काही कोंब फोडायला लागते, उरलेली ऊब होऊन बाहेर पडते. मागं राहतं पाणी आणि आपण उच्छ्वासात सोडतो तो वायू."

"आपण सोडतो तोच?"

"तोच. तुमच्या अंगातही हेच चाललंय. श्वास त्याच्यासाठीच."

भागुबाईनं आपल्या तळव्याकडं पाहिलं. "म्हणजे ह्यांचा श्वास थांबला, आणि ऊब व्हायचीच थांबली?" "हो, अक्का," रत्नाकर म्हणाला.

"मला दाखवा," ती म्हणाली.

रविवारी तो तिला प्रयोगशाळेत घेऊन गेला. कांद्याचा पातळ पापुद्रा त्यानं एका रंगात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. भागुबाईनं पदर सावरत डोळा लावला. आधी धूसर दिसलं. मग विटांसारख्या पेशींच्या खोल्या, आणि त्यांत निळसर, बारीक, थरथरणारे कण.

"जाळ त्या कणांत," रत्नाकर हळूच म्हणाला.

"स्वल्प थांबा, थोडं बघू द्या." तिनं डोळा काढलाच नाही. किती तरी वेळानं विचारलं, "कांदा चिरला तरी हे जिवंतच?"

"काही वेळ, हो."

त्या संध्याकाळी पंगतीत वाढता वाढता ती मध्येच उभी राहिली. पोरं भाकरी मोडत होती, हसत होती, त्यांच्या छात्या वरखाली होत होत्या. एवढ्या देहांत, एवढ्या असंख्य खोल्यांत, आवाज नाही, धूर नाही, आणि काम अखंड चालू.

"अक्का, काय झालं?" कुणी तरी विचारलं.

"काही नाही रे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "जेवा. पोटभर जेवा."