वर विचारा, खाली विचारा

"माका कित्याक इचारतास, मॅडम? वर जावा, तिका इचारा," खालच्या मजल्यावरचे बाबल परब म्हणाले.

वर गेले. त्यांच्या बहिणीने, शालिनीताईंनी, दार अर्धंच उघडलं.

"खाली विचारा ना. सगळीकडे सांगत फिरतो, घर माझंय म्हणून."

मी महापालिकेच्या मालमत्ता कर खात्यात इन्स्पेक्टर होते. घाटकोपरचं हे दुमजली घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. आता दोघांच्या नावावर. भाऊ विधुर, बहीण रिटायर्ड नर्स. वडिलांच्या आजारपणात कोणी जास्त केलं, यावरून अबोला. त्यात कर वर्षानुवर्षं थकला. गंमत म्हणजे भरण्याइतके पैसे दोघांकडेही होते.

आमची पद्धत साधी आहे. आधी बिल, मग नोटीस, मग जप्ती. जप्तीत पहिल्यांदा घरातल्या वस्तू उचलतात. तेवढ्याने भागलं नाही तर घराचा लिलाव.

जप्तीच्या दिवशी आमच्या माणसांना एवढी मदत आजवर कोणी केली नसेल. भावाची स्कूटर कुठे लावलेली असते ते शालिनीताईंनी स्वतः येऊन दाखवलं. बहिणीचा फ्रिज जिन्यात अडकला, तर बाबलरावांनी खालून हात लावला. दोघं अगदी खुशीत होते. वस्तूंनी भागणार नव्हतंच.

आमच्या साहेबांनी मला बोलावलं.

"मॅडम, भरून टाका म्हणावं कोणीतरी एकाने. राहतं घर आहे."

"सांगितलं, सर. दोघंही म्हणतात, दुसरा भरेल."

"आणि नाही भरलं तर?"

"तर म्हणे, दुसऱ्याचं घर जाईल."

साहेब हसले. मग सही केली.

लिलावाला दोघं दोन टोकांना बसले होते. शेजारच्या गल्लीतल्या एका व्यापाऱ्याने शेवटची बोली लावली. तिसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं. तोवर वाट लागली होती.

ताबा द्यायच्या दिवशी सामान गल्लीत आलं. कपाटं, गाद्या, देव्हारा. वरचं कुठलं आणि खालचं कुठलं, काही कळेना. शालिनीताई एका ट्रंकेवर बसून डोळे पुसत होत्या. नोकरीतलं हे काम मला कधीच जमलं नाही, मी उगाच सील तपासत राहिले. बाबलराव जरा लांब उभे होते. शेवटी जवळ आले.

"गो, जेवलंस काय?"

"कुठे शिजवू? ओटा गेला ना."

ते सायकलवरच्या इडलीवाल्याकडून दोन प्लेट घेऊन आले. दोघांनी ट्रंकेवर बसूनच खाल्ली. मध्येच तो व्यापारी मोजमापाची टेप घेऊन आला, तेव्हा त्याला दोघांनी मिळून झापलं.

कर आणि खर्च वजा जाऊन लिलावाचे जे पैसे उरतात, ते मालकाचेच असतात. पुष्कळांना हे माहीत नसतं. यांचा चेक दोघांच्या नावे निघाला.

"दोन चेक करा ना, मॅडम," शालिनीताई म्हणाल्या.

"होत नाही. जॉइंट अकाउंट काढा."

दोघांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं आणि एकाच रिक्षातून बँकेत गेले. त्या पैशांत दोन घरं बसत नव्हती. विक्रोळीत एक लहानसा टू-बीएचके बसला. एकाच दारावर दोघांच्या नावाची पाटी लागली.

पुढच्या वर्षी दोघं ऑफिसात आले. बाबलरावांनी ऐटीत पावती टेबलावर ठेवली. "बिल आल्या आल्या भरलंय."

"तू भरलंस?" शालिनीताईंनी पर्समधून दुसरी पावती काढली. "अरे, मीपण भरलंय!"

ऑफिसभर हशा पिकला. मी रिफंडचा अर्ज लिहायला घेतला.

दोघांच्या नावाचं घर असेल तर बिल कोण भरणार ते आधी बोलून ठरवा. आमच्या खात्यात जप्ती एक वेळ लवकर होते, रिफंड नाही.