बंद रोस्टर आणि मेतकुटाचा वास

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. गंगापूर रोडला आमच्या सोसायटीची लिफ्ट मधेच थांबली की कुणीतरी हमखास काहीबाही कुजबुजतं, आणि मी सरळ लिफ्टवाल्याला फोन लावते. या ग्रुपवरचे अनुभवही मी वाचते ते चहा पिताना, प्रत्येकाचं कारण मनात शोधत. बहुतेकांचं सापडतंही... पण माझं स्वतःचंच एक सापडत नाहीये, म्हणून लिहितेय. बघा तुम्हाला काही सुचतंय का.

मी अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये प्रॉडक्शन प्लॅनिंग बघते. चकलीची भाजणी, थालीपिठाची भाजणी, उपवासाची भाजणी, मेतकूट असा आमचा पॅकबंद माल. कुठला माल कधी आणि किती काढायचा, गोडाऊनमध्ये किती ठेवायचा, हे मी ठरवते. जास्त काढला तर पडून राहतो, कमी काढला तर दुकानदार दुसऱ्याचा घेतात. या दोन्हींच्या मधे माझी नोकरी! शेडमध्ये शिरलं की धान्य भाजायचा मोठा रोस्टर, मग माझी काचेची केबिन, मग पॅकिंगचं लांब टेबल आणि मागे गोडाऊन. नकाशा नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गोष्ट गेल्या वर्षीची, गणपती उठल्यानंतरची. गोडाऊन गच्च भरलेलं. उपवासाचा माल आम्ही नेहमी आधी काढतो, मशीन धुऊन-पुसून. कारण चकलीच्या भाजणीतला डाळीचा एक कण जरी त्यात गेला तरी गिऱ्हाइकाचा उपास मोडतो. त्यामुळे नवरात्राचा सगळा माल तयार होता, पण दुकानदार उचलत नव्हते. चकलीची भाजणी इतक्या लवकर काढून ठेवली तर दिवाळीपर्यंत तिचा ताजेपणा जातो. म्हणजे मशीन रिकामी.

आमचे मालक, त्यांना सगळे दादाच म्हणतात, सकाळीच म्हणाले, "शुभांगीताई, माल हलेपर्यंत लाईन बंद ठेवू. पॅकिंगच्या बायकांना सुट्टी सांगून टाका."

"मी सांगू?"

"तुमचं ऐकतात त्या." आणि रुमालात नाक शिंकरत निघूनही गेले.

रोजावरच्या बाईला सुट्टी म्हणजे घरी चूल कशी पेटवायची हा प्रश्न. शिवाय घरी बसवलेल्या बायका परत येत नाहीत, त्या दुसरं काम धरतात. पॅकिंगची सगळी मदार सुनंदाताईवर. ती गावाहून बसने येते. आधी द्राक्षाच्या बागेत जायची, तिथेच कंबर गेली. आता पुन्हा बागेत जाणं तिला झेपलंच नसतं. सकाळभर मी सांगणं पुढे ढकलत राहिले.

दुपारी त्यांचे डबे झाल्यावर मी टेबलाजवळ जाऊन उभी राहिले. सगळ्या हात पुसत माझ्याकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडलं... आणि वास आला.

मेतकुटाचा. थोडाथोडका नाही, आत्ता याक्षणी कुणी भाजतंय असा. आधी खमंग डाळ, मग मेथ्या, आणि मागून हिंग आणि सुंठ. मला वाटलं, डोकं फिरलं आपलं. तेवढ्यात सुनंदाताई म्हणाली, "मॅडम, मेतकूट लावलं का काय? लय भारी वास येतोय! रोस्टर चालू हाय?"

मी अजून एक शब्दही बोलले नव्हते हो!

मी तरातरा रोस्टरपाशी गेले. हात लावला तर गार. कित्येक दिवस तो पेटलाच नव्हता. दळणाचं मशीन बंद. कच्च्या मालाची पोती शिवलेली, आणि कच्च्या डाळीला असा वास येत नाही. बाहेर येऊन पाहिलं. एका बाजूला इलेक्ट्रिक पॅनेल बनवतात, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकची झाकणं. बाहेर वास नव्हताच. आत आलं की पुन्हा तोच, रोस्टर ते टेबल एवढ्याच भागात. मेतकूट आम्ही उन्हाळ्यानंतर काढलेलंही नव्हतं, त्याला फारसा उठाव नाही म्हणून.

दादांना बोलावलं. ते रोस्टरजवळ नाक नेऊन उभे राहिले.

"मला तर काही येत नाही."

"दादा, तुमचं नाक चोंदलंय."

अख्ख्या युनिटमध्ये त्यांना एकट्यालाच वास आला नाही. थोड्या वेळाने तो विरला. पण तोवर माझ्या तोंडून निघून गेलं होतं, "उद्यापासून मेतकूट घेऊ." कुठून आलं हे, देव जाणे. मग मी माझ्या सवयीप्रमाणे कारणं जुळवत बसले. चकलीसाठी आणलेल्या डाळी आहेतच. मेतकुटाचे पाउच ढिगाने पडलेत, कारण छापणारा थोडे छापून देत नाही.

"मेतकूट?" दादा म्हणाले. "हल्ली कोण खातं हो मेतकूट? पडून राहिलं म्हणजे?"

"माझी जबाबदारी."

त्यांच्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. "करा काय करायचं ते," म्हणाले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. सणकून ताप.

त्यांच्यापासून जे सुरू झालं ते थांबेना. शहरभर व्हायरलची साथ. पंचवटीत, देवळाली कॅम्पात, आमच्या सोसायटीत, घरटी एक जण अंथरुणात. आणि तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव नसते, त्याला काय देतात? मऊ भात, तूप, मेतकूट! दुकानदारांचे फोनवर फोन... "ताई, दुसरं काही नको, मेतकूट पाठवा." आम्ही काढत होतो आणि ते जात होतं. टेबल रिकामं राहिलं नाही. मेतकूट ओसरेपर्यंत चकलीच्या भाजणीची वेळ झाली. एकही बाई घरी बसली नाही. इतकं शांत मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी सुनंदाताईने हळूच विचारलं, "मॅडम, तवा दुपारी तुम्ही काय सांगायला आल्या होत्या?"

"मेतकुटाचंच."

"आम्हाला वाटलं, सुट्टी सांगत्या आता." ती हसली, मी पाउच मोजायचं नाटक केलं.

माझे मिस्टर म्हणतात, तुला त्यांना घरी पाठवायचं नव्हतं, त्यांना जायचं नव्हतं, सगळ्यांच्या नाकांनी मिळून कारण शोधलं. असेलही. पण मग थालीपिठाची भाजणी का नाही? मेतकूटच का? आणि साथ येणार हे गार रोस्टरला कुणी सांगितलं?

यंदाही गणपती उठले आणि गोडाऊन भरलं. परवा मी केबिनमधून बघतेय तर दादा रोस्टरपाशी वाकून उभे. डोळे मिटलेले. मी बाहेर गेले. हसू दाबत विचारलं, "काय दादा, येतोय का?"

"नाही हो," ते म्हणाले. "आणि यंदा सर्दीही नाही मला."

मलाही येत नव्हता. पलीकडे टेबलाशी बायका हातातलं काम थांबवून आमच्याकडे बघत होत्या. दादांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग रोस्टरवर हात ठेवला.

"नाही आला तर नाही आला," म्हणाले. "उद्यापासून मेतकूट घ्या."