मेणबत्तीभोवतीचं कडं

आमच्या घरी प्रार्थनेचा एकच कडक नियम होता: डोळे मिटायचे. देवाचं पवित्रपण म्हणजे उजेड, आणि त्या उजेडाकडे माणसानं मान वर करून बघायचं नसतं, असं आईचं म्हणणं. लहानपणी मी हळूच एक डोळा किलकिला केला की मांडीला चिमटा बसायचा. तिचे डोळे मिटलेले असतील तर तिला कळायचं कसं, हे विचारायची माझी छाती नव्हती.

आता मी अमरावतीला शाळेत शिकवते. आई अकोल्यात एकटी राहते, शनिवारी बसनं मी तिच्याकडे जाते. मागच्या वर्षी अशाच एका शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला मेणबत्ती लावून ती नुसती बघत बसली. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "कोनाले सांगू नको. मले मेणबत्तीभोवती तेज दिसून राहिलं. गोल, रंगीबेरंगी. म्हातारपनी देवानं थोडंसं पाहू देलं मले."

तिचा चेहरा इतका खुलला होता की मला पुढे काही बोलवेना. पण मग तिनं चहात दुधाऐवजी ताक घातलं, पायरी चुकून पडली, कोपर सोलून निघालं, तेव्हा मी तिला ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासता तपासता त्यांनी विचारलं, "आजी, दिव्याभोवती गोल कडं दिसतं का?"

आई दचकली. रागानं माझ्याकडे वळली. "तुले सांगू नको म्हनलं होतं ना!"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन लवकर करा, नाहीतर अवघड होईल, असं डॉक्टर म्हणाले. आईनं साफ नाही म्हटलं. देवानं दिलेलं ती कापू देणार नव्हती. घरी येताना ऑटोत मी समजावून समजावून थकले. "आई, तुला ट्रकच्या लाईटभोवतीही कडं दिसतं. ट्रकही पवित्र झाले का?"

"देवाले काय अवघड हाय," ती म्हणाली.

आता हसू येतं, तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. आणि भीती वाटत होती. ती आंधळी होईल आणि वर आनंदानं होईल, याची भीती.

त्याच संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. ती समोर, मध्ये मेणबत्ती. मी रडत होते, आवाज न करता. कड्याकडे बघत तिनं विचारलं, "बसली का वं तू? का सैपाकघरातच हायेस?"

माझा ताबा सुटला. "तुला देवाचं तेज दिसतं आणि हातभर अंतरावर रडणारी पोर दिसत नाही. असलं कसलं तेज, आई?"

तिनं मेणबत्ती विझवली. त्या दिवशी प्रार्थना झालीच नाही. दुसऱ्या दिवशी चर्चमधून आल्या आल्या तिनं पिशवी भरली: पातळ, टॉवेल, पाण्याची बाटली. "उद्याच जाऊ," म्हणाली. "कोनत्या डोळ्याचं पयले करतात, विचार त्यायले."

दोन्ही ऑपरेशनं नीट झाली. पट्टी, थेंब, काळा चष्मा सगळं उरकल्यावर पुन्हा मेणबत्ती लावली. ज्योत आता नुसती ज्योत होती, करंगळीएवढी. आई तिच्याकडे बघत राहिली. आपण तिचं काहीतरी हिरावून घेतलं, असं मला वाटलं.

मग तिनं मेणबत्ती उचलून माझ्या तोंडाजवळ आणली. "केस काहून इतके पांढरे झाले तुहे?" म्हणाली. "अन् किती वाळली वं!"

मेणबत्ती तशीच माझ्यापुढे ठेवून तिनं प्रार्थना सुरू केली. आभार मानता मानता तिचा आवाज कापायला लागला, म्हणून मी हळूच एक डोळा उघडला. ती टक्क उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत देवाशी बोलत होती.

"डोळे मीट," मला दटावून ती म्हणाली, आणि तशीच माझ्याकडे बघत तिनं आमेन म्हटलं.