जीपचं इंजिन आणि डावी सीट

लग्न होऊन तुमसरला आले तेव्हा सासरी एक मोटार होती, आणि ती कुणाच्याच कामाची नव्हती. दोन सीटची, वरून उघडी, लाल रंगाची. इतकी ठेंगणी की तिच्यात बसलं की शेजारून जाणाऱ्या बैलगाडीचा आस डोळ्यांसमोर यायचा. सासऱ्यांनी ती खाणीवरून परत निघालेल्या एका साहेबाकडून हौसेनं घेतली आणि धानाच्या गोदामात उभी करून ठेवली. सासूबाई तिच्यावर कुरड्या वाळत घालायच्या. आमच्या ह्यांचा मात्र तिच्यावर भारी जीव.

मला साकोलीकडे माहेरी न्यायचं म्हणजे ह्यांना गाडी काढायला निमित्तच मिळायचं. पण तिचं इंजिन जेमतेम. सपाट रस्त्यावर तोऱ्यात चालायची आणि माहेरच्या तलावाच्या पाळीचा, म्हणजे बांधाचा, चढ आला की धापा टाकायची. दोघांचं ओझं तिला पेलत नसे. मग मी उतरायचे, पदर खोचून पायी वर जायचे आणि वर पोचल्यावर पुन्हा बसायचे. पाळीवर म्हशी राखणारे लोक हा तमाशा बघायला थांबायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हणून ह्यांनी ठरवलं, गाडीत मोठं इंजिन घालायचं. "तुले उतराचं काम नाही पडणार," असं मला छातीठोकपणे सांगितलं. नागपूरच्या भंगारातून एका जुन्या जीपचं इंजिन आणलं आणि शहापूरहून एक मिस्त्री बोलावले. उन्हाळा होता, गोदाम रिकामं होतं. गोदामाच्या तुळईला चेनकप्पी टांगून त्यांनी जुनं इंजिन वर उचललं. मी चहाच्या निमित्तानं गेले ती तिथेच रेंगाळले. रिकाम्या जागेत वाकून पाहिलं तर खालची फरशी दिसत होती. एवढा आवाज करणाऱ्या गाडीच्या पोटात एवढीशीच वस्तू असते, याचं मला फार नवल वाटलं. मी मिस्त्रींना विचारून विचारून बेजार केलं. जीपचं इंजिन दुसऱ्या गाडीत चालतं कसं, चाकांपर्यंत जोर कुठून जातो, पेट्रोल जास्त लागतं म्हणजे ते जातं कुठे. ते बिचारे हातातलं काम थांबवून सांगायचे. सासूबाई आतून हाक मारायच्या, आणि मी आले आले म्हणत तिथेच उभी राहायचे.

काम अर्ध्यावर असताना चुलतबहिणीच्या लग्नासाठी मला माहेरी जावं लागलं. जिवावर आलं होतं. ते इंजिन पहिल्यांदा सुरू होताना मला बघायचं होतं.

लग्न आटोपलं. हे न्यायला येणार म्हणून मी सकाळपासून पिशवी भरून ओसरीवर बसले होते. दुपारी पाळीच्या बाजूनं आवाज आला, जाडाभरडा, नवाच. चढावर तो जराही दमला नाही. मी धावत बाहेर गेले. गाडी धूळ उडवत अंगणात शिरली, ह्यांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. मी पिशवी घेऊन डाव्या बाजूला गेले आणि तिथेच थबकले. डावी सीट नव्हती. तिच्या जागी नव्या इंजिनाच्या गिअरबॉक्सचा मोठा फुगवटा आला होता आणि त्याला लागून बॅटरी बसवली होती. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, जागाच पुरली नाही, तू एसटीनं ये. माहेरची सगळी माणसं बघत होती. मी पिशवी काखोटीला मारली. साकोलीहून एसटी धरली आणि खिडकीशी बसून भंडाऱ्यापर्यंत रडले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री इंजिनाचा पट्टा आवळायला आले होते. मी सरळच विचारलं, दुसरा काही उपाय नव्हता का. ते म्हणाले, "होता न, वहिनी. मी भाऊले आधीच म्हटलं होतं, गाडीचं नाक कापून हातभर पुढं घ्या, म्हणजे इंजिन पुढं सरकते, नाहीतर डावी सीट जाते. ते म्हणाले, नाकाले हात लावू नको."

रात्रीचं जेवण वाढताना मी हे बोलून दाखवलं. ह्यांनी सांगितलं की इतकं देखणं नाक कापायला हात धजेना, गाडी ध्यान दिसली असती.

"चढावर मी उतरून जात होती, ते बरं होतं," मी म्हटलं. "वर गेल्यावर बसाले जागा तर होती."

हे ताटावरून उठले. मग दोन-तीन दिवसांनी एका सकाळी न सांगता गाडी घेऊन शहापूरला गेले आणि आठवड्यानं परत आले. डावी सीट जागेवर होती. नाक हातभर पुढं आलं होतं, सरळसोट पत्र्याचं, आणि त्याचा लाल रंग जुन्या लालशी जुळत नव्हता. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, घुशीसारखी दिसते. मी हसले. हे हसले नाहीत.

पुढच्या खेपेला आम्ही दोघं पाळीवरून एका दमात वर गेलो. पाय लांब करून बसले होते मी, आणि मनातून इतकी खूश होते की ह्यांच्याकडे बघायचंही राहून गेलं. अंगणात ह्यांनी गाडी गोठ्याच्या भिंतीला नाक लावून उभी केली. मला वाटलं, सावली बघितली असेल. पण घरी गोदामातही तेच आणि बाजारातही तेच. गाडीत बसायचं तर मागून वळसा घालून यायचे, पुढून कधीच नाही. त्यांना ते नाक बघवत नव्हतं. हे माझ्या ध्यानात आलं.

एकदा निघताना मी म्हटलं, नाक होतं तसं करून घ्या, मी जाईन एसटीनं.

त्यांनी किल्ली फिरवली. "तू बसून रायली न बाजूले? मंग झालं," म्हणाले, आणि गाडी भिंतीपासून मागे घेतली.