जर्मनी चालेल, कुर्डुवाडी नाही

शमीम कुठलंच गाणं सरळ वाजवत नसे. पहिलं कडवं लोकांसाठी, दुसऱ्यापासून बाईसाहेब स्वतःच्या वाटेनं निघायच्या. परंड्यात माझं शिवणाचं दुकान आणि तिचं घर यांच्यात एकच भिंत. त्यामुळे ब्लाऊजला हुक लावता लावता तिचा बँजो मला रोज ऐकू यायचा. बँजो म्हणजे आपला वरातीतला; डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या.

"अगं, गाणं कुठं गेलं?" मी भिंतीवर थाप मारून विचारायची.

"फिरायला गेलंय, काकू. येतंय माघारी!"

वडील रज्जाकभाई यांची बँजो पार्टी. टेम्पोवर भोंगे, पुढं ताशे, आणि टेम्पोत बसून स्वतः रज्जाकभाई बँजोवर. त्यांचा कायदा एकच: "नाचणाऱ्याचा पाय अडखळला, तर चूक बँजोवाल्याची." लहानपणी शमीम त्यांच्या शेजारी बसून वाजवायची, तेव्हा लोकांना भारी कौतुक. नवरदेवाचे मामे तिच्या हातात पेढा ठेवायचे.

ती अकरावीत असताना एका वरातीत रज्जाकभाई चहाला उतरले आणि बँजो हिच्याकडं आला. दुसऱ्या कडव्याला तिनं सवयीप्रमाणं वळण घेतलं. पोरं नाचता नाचता थांबली. "ओ चाचा, काय वाजवायलीय ही? उतरवा की खाली!" रज्जाकभाई धावत आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं भोंग्याची वायर उपटली. शमीम टेम्पोतून उतरली, ती परत कधी चढली नाही. "घरात वाजीव, बाहेर न्हाय," एवढंच ते म्हणाले.

पुढं कुर्डुवाडीला वाजवणाऱ्यांचा एक कार्यक्रम होता. स्टेजवर एकट्यानं बसायचं, हवं ते वाजवायचं. तिनं लई गयावया केली.

"कुर्डुवाडीत आपले पाव्हणे हायत," रज्जाकभाई म्हणाले. "पोरगी स्टेजवर बसली म्हणल्यावर लोक काय म्हणतील?" विषय संपला.

मग पोरगी धाराशिवला नर्सिंगला गेली. ते झाल्यावर दवाखान्यात नोकरी करत करत जर्मन शिकली. सुट्टीला आली की माझ्या दुकानात बसून ते शब्द घोकायची आणि मी म्हणायची, "घसा खराब होईल गं बाई, पाणी पी." जर्मनीतल्या एका दवाखान्याचं बोलावणं आलं तेव्हा घरात एका संध्याकाळीत होकार झाला. तिची फुफी, रज्जाकभाईंची बहीण, पेढे घेऊन गल्लीभर फिरली.

मला राहवेना. "कुर्डुवाडीला नको म्हणणारी माणसं जर्मनीला बरी हो म्हणाली?"

"नोकरी म्हणलं की सातासमुद्रापार पाठवतेत, काकू. वाजवायचं म्हणलं की उंबऱ्याच्या बाहेर न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ड्यूटी मन लावून करीन. पण ड्यूटी सुटली की मी माझी. तिथं मला कोण वळखतंय? चौकात बसून वाजवीन. माझी धून एकदा तरी शेवटपर्यंत लोकांसमूर वाजवायचीय मला. त्यासाठीच चाललेय."

"एवढ्यासाठी एवढ्या लांब? डोकं फिरलंय का तुझं?" मी ओरडले खरी, पण रडू मलाच आलं. तिनं बँजोसाठी मऊ खोळ शिवून मागितली. घरात सांगू नका म्हणाली. कळलं असतं तर जाणंच रद्द झालं असतं.

खोळ मशीनवर असतानाच रज्जाकभाई पँट घ्यायला आले. आयुष्य बँजोत गेलेला माणूस. लांबीरुंदी बघूनच ओळखलं त्यांनी.

"पोरगी बँजो नेणार हाय व्हय, भाभी?"

खोटं मला जमत नाही. "व्हय."

"लोकांसमूर वाजवणार?"

"तुमचीच लेक हाय. तिलाच विचारा."

ते स्टुलावर बसले. मग पँट तिथंच ठेवून निघून गेले. मी दोन दिवस धसका घेऊन होते. आता हे पासपोर्ट कुलपात घालणार, अशी माझी खात्री झाली होती. पण भिंतीपलीकडं ना आरडाओरडा, ना बँजो.

निघायच्या दिवशी आम्ही सगळे कुर्डुवाडी स्टेशनला गेलो. फुफी रडत होती, जो तो जेवणाखाण्याच्या सूचना देत होता. रज्जाकभाईंनी मी शिवलेल्या खोळीतला बँजो सगळ्यांसमोर स्वतः डब्यात चढवला, तिच्या शेजारी नीट टेकवून ठेवला आणि खाली येऊन खिडकीचा गज धरला. शमीम कधी त्यांच्याकडं, कधी माझ्याकडं बघत होती.

गाडी हलली तसे ते चार पावलं बरोबर चालले.

"शमीम, तिथं मधीच कुणी बंद कर म्हणलं, तर बंद करू नको," ते म्हणाले. "मी म्हणलं तरी."