जनाच्या वहीतला बर्फ

किन्हवलीच्या पुढे एका पाड्यावर एका संस्थेची बालवाडी आहे. तिथे जना अकरा वर्षं मदतनीस आहे. सतरंज्या झटकायच्या, बावीस मुलांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, आणि शिकवणाऱ्या ताई रजेवर गेल्या की वर्गही सांभाळायचा. गेल्या दिवाळीनंतर संस्थेच्या लोकांनी तिला सांगितलं, ताई मे महिन्यात मुलाकडे राहायला जाणार आहेत, तू दहावी पास झालीस तर जूनपासून ती जागा तुझी.

जनाचं दहावीला फक्त इंग्रजी राहिलं होतं. त्याला अठरा वर्षं झाली होती. तिनं पुन्हा फॉर्म भरला आणि दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणि एक जुनं गाईड घेऊन माझ्याकडे आली. चौथीपर्यंत मीच तिला शिकवलं होतं. खुर्ची दिली तरी ती बसायची उंबऱ्याजवळ, मांडी घालून, पेन्सिल अगदी टोकाशी धरून.

पेपरात एक प्रश्न हमखास असतो. एक शब्द देतात आणि त्याच्याशी नातं असलेले चार शब्द लिहायला सांगतात. गाईडमध्ये त्याच्या याद्याच होत्या. पहिली यादी प्राण्यांच्या समूहांची. जनानं ती बोटांच्या पेरांवर बसवली, एका पेराला एक प्राणी. गुरांचं हर्ड, मेंढ्यांचं फ्लॉक, लांडग्यांचं पॅक, सिंहांचं प्राइड, माशांचं शोल. करंगळीपाशी पोचेपर्यंत पहिलं बोट रिकामं व्हायचं.

"बाई, गुरं आणि मेंढ्या दोघांना आपल्यात कळपच ना? मग यांना दोन कशाला?"

"आपल्याकडे पाखरांना थवा असतो, तसंच समज."

"थवा मला दिसतो. हा शोल कुठं दिसत नाय."

तिचा नवरा राघो तिला मोटारसायकलवर घ्यायला यायचा आणि अंगणातूनच ऐकायचा. एकदा म्हणाला, "लांडग्यांचा पॅक, सिंहांचा प्राइड. आपल्याकडं बिबट्या येतो तो एकटा येतो. त्याला काय म्हणायचं, ते विचार गो बाईंना."

"त्याला राघो म्हणायचं," जना म्हणाली. "जेवायच्या वेळेला बरोबर येतो."

पण घरी जाताना तिची मान खाली असायची, पेरं मोजणं चालूच.

हिवाळ्याच्या यादीनं तर तिचा जीव काढला. स्नो, स्लेज, मिटन्स, फायरप्लेस, आयसिकल. डिसेंबर होता. बाहेर भाताच्या रिकाम्या खाचरांत वाल फुलला होता आणि सकाळी दहापर्यंत धुकं हलत नव्हतं. जना डोक्याला मफलर गुंडाळून यायची, पायांना गवतावरच्या दंवाचा चिखल लागलेला, आणि उंबऱ्यात बसून बर्फावरच्या गाडीचं इंग्रजी नाव पाठ करायची. आज पाठ झालं की उद्या पुसलेलं. एकदा तिनं गाईड आपटलं, मग पदरानं पुसून मांडीवर घेतलं.

मी म्हटलं, "अगं, हे सोड. तुझा हिवाळा लिही. धुकं म्हणजे फॉग. दंव म्हणजे ड्यू. शेकोटी म्हणजे बॉनफायर. थंडी, शाल. हे तुला कधीच विसरायला होणार नाही."

"याला मार्क देतात?"

"देतात की. हिवाळ्याशी नातं असलं म्हणजे झालं."

तिनं पहिले दोन शब्द लिहून घेतले, पण वहीच्या मागच्या पानावर. मी विचारलं, मागे का?

"चौथीत तुमी हिवाळ्यावर निबंध दिलावता. मी लिवलं, आमी खळ्यावर पेंढ्यात झोपतो, पेंढा आतून ऊन असतो. तुमी ते खोडलंत. लाल पेनानं लिवलंत, लोकरीचे कपडे राहिले. लोकरीचा कपडा आमच्या घरात नव्हता, बाई. तवापासून मी पुस्तकातलंच लिवते."

मला तो निबंध आठवत नव्हता. त्या काळी मी असे पुष्कळ खोडले असतील. मी म्हटलं, "तेव्हा चुकलं माझं." ती म्हणाली, "मार्क तर तुमीच द्यायचात ना." आणि पुन्हा गाईड उघडलं.

पुढचे दोन महिने आम्ही रोज भांडलो, तिच्या पद्धतीनं. मी 'फॉग' म्हणायची, ती मान हलवायची आणि 'मिटन्स' घोकायची.

मार्चमध्ये शहापूरला पेपर झाला. परतीच्या एसटीतून उतरून ती सरळ माझ्याकडे आली. प्रश्न हिवाळ्याचाच आला होता. तिनं स्नो लिहिला. पुढचं काही आठवेना. मग फॉग आणि ड्यू लिहिले.

"छान झालं की," मी म्हटलं.

"खोडले मी. म्हटलं, हे घरचे वाटतात. तपासणारा हसंल. मग स्लेज आठवंपर्यंत घंटा झाली. शेवटचं पत्रलेखनबी राहिलं."

निकालात इंग्रजी राहिलंच. कमी पडलेले गुण त्या दोन शब्दांपेक्षा जास्त होते, हे मी तिला मांडून दाखवलं. तिला ते पटलं नाही. ती त्या खोडलेल्या ओळीलाच धरून बसली होती.

जूनमध्ये बालवाडीवर शहापूरची दामिनी आली. बावीस वर्षांची, हसरी, जनाला 'जनाताई' म्हणणारी. तिच्याविरुद्ध बोलण्यासारखं काही नाही, हेच जनाला जड जात होतं. पहिल्याच आठवड्यात दामिनीनं ऋतूंचे छापील तक्ते आणले आणि भिंतीला लावायला जनाच्या हातात दिले. हिवाळ्याच्या तक्त्यावर बर्फाचा माणूस होता. मुलं भोवती जमली. हे काय, ते काय, सुरू झालं. दामिनी खिचडीच्या तांदळाची सही करायला बाहेर गेली होती.

"तो स्नोमॅन," जना खळ लावता लावता म्हणाली. "ती स्लेज, तिच्यावर बसून घसरतात. हातातले मोजे ते मिटन्स. छपराला लोंबतंय ते आयसिकल. आत पेटलंय ती फायरप्लेस."

दामिनी दारात उभी राहून ऐकत होती. "ताई, तुम्हाला हे सगळं येतं?"

"आता येतं," जना म्हणाली, आणि तक्त्याचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून धरला.

हे तिनं मला सांगितलं ते जुलैच्या परीक्षेची पावती दाखवायला आली तेव्हा. जागा तर गेली, मग परीक्षा कशाला, असं मी विचारलं नाही. ती उंबऱ्याजवळ बसली. वही उघडली आणि उलटी करून मागचं पान वर घेतलं.

"शेकोटीला काय म्हणालावता तुमी?" तिनं विचारलं. आवाजात अजून राग होता.