कमानीखालचे दोघे

अनगोळचा परशराम गवंडी पन्नाशीला आला होता, तेव्हाची ही गोष्ट. १९१३ साली बेळगावच्या कॅम्पातल्या इंग्रजी चर्चच्या दारावरची दगडी कमान तडकली. ती पाडून लोखंडी तुळई टाकावी, असं साहेबलोकांचं ठरत आलं होतं.

परशरामानं शिडीवर चढून कमान बोटांनी चाचपली आणि खाली येऊन पाद्रीसाहेबाला सांगितलं, "मधला दगूड तेवढा फुटलाय, सायेब. बाकी कमानीत खोट न्हाय." बरीच वर्षं इथं काढलेल्या पाद्र्याला मराठी कळत होतं. त्यानं काम परशरामावर सोपवलं.

लाकडी टेकू देऊन परशरामानं नवा दगड घडवून बसवला. त्याची बायको मनुबाई चुना मळून देई. महिन्याभरानं टेकू काढायची वेळ आली, पण कमान अंगावर येईल या भीतीनं मजूर पुढं होईनात. तेव्हा परशराम कमानीखालीच मांडी घालून बसला. "काढा आता," म्हणाला.

मनुबाईनं घमेलं खाली ठेवलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"तू कशाला आलीस गं?"

"चुना कुणी मळलाय?"

टेकू निघाले. दोघांच्या डोक्यावर थोडी धूळ पडली, कमान जागची हलली नाही.

पुढच्या रविवारी पाद्र्यानं दोघांना प्रार्थनेला बोलावून पुढच्या बाकावर बसवलं. घरी परतताना मनुबाई म्हणाली, "गाणी लई ग्वाड म्हणत्यात, पर बसवत्यात फार येळ."